आंधळा कोन

मुनाफ परकार दिवसा कॅमेरे बसवायचा.
गोदामांना, बेकऱ्यांना, रोल्यातल्या सोनारांना.
शिडीवर उभा, तोंडात स्क्रू.
म्हणून त्याला ठाऊक होतं
शारजात कुठल्या भिंतीला डोळे नाहीत.
"त्या जागा नुसत्या जोडत गेलं ना,
तर एक माणूस अख्खं शहर ओलांडेल
आणि कुणाला दिसणार नाही.
हाच पिक्चर," म्हणाला.
पहिलाच. तोंडातले स्क्रूसुद्धा काढले नव्हते.

पटकथा डिलिव्हरी चलनांच्या पाठीवर.
भांडवल म्हणजे दोन वर्षं न घेतलेल्या रजेचे पैसे,
माझी लाँड्रीची व्हॅन, रात्री अकरानंतर,
आणि सलमाभाभीची एक बांगडी,
जिच्याबद्दल दापोलीत अजून कुणी विचारलेलं नाही.

हिरो अंकुश गोताड. फोर्कलिफ्टवाला, संगमेश्वरचा.
चालता चालता मागे वळून बघायची त्याला सवय.
आम्ही समजायचो कुणाचं तरी देणं असेल.
मुनाफ म्हणाला, हे वळणं शिकवून येत नाही.

पाठलाग करणारा दाखवायचाच नव्हता.
नुसते बूट ऐकू येणार. बूट माझे.
पोछ्याच्या दांड्याला माईक बांधून
मी माझ्याच पावलांमागे धावायचो,
म्हणजे मारेकरी मी, आणि साक्षीदारही मीच.
ऑगस्ट. व्हॅनच्या एसीतून कॅमेरा बाहेर काढला
की काचेवर वाफ धरायची,
आणि त्या धुक्यातून अंकुश हळूहळू उमटायचा.
नंतर एका जाणकाराने विचारलं, ही शैली कुठली?
मुनाफ म्हणाला, दमटपणाची.

सहा रात्री.
कागदावर रेघ मारून तो अंकुशला समजवायचा,
इथून भिंतीला चिकटून, इथे सात पावलं,
इथे कचऱ्याच्या डब्याआड थांब, कॅमेरा उजवीकडे वळू दे,
मग जा.
अंकुश मान डोलवायचा. एकदाही चुकला नाही.
संवाद नव्हतेच. बोलला एवढंच:
"आणि पुढे?"

सातव्या रात्री तो आला नाही.
कॅम्पात गादी गुंडाळलेली, फोन बंद,
कंपनीला टाळं. पाच महिन्यांचा पगार
आणि सगळ्यांचे पासपोर्ट त्या टाळ्याआड.
हे आम्हाला तेव्हा कळलं.

मुनाफने काय केलं?
स्वतः बसवलेला एकेक कॅमेरा उघडला.
बेकरीवाल्याला सांगितलं, सर्व्हिसिंग आहे.
तीन रात्री बसला तो, डोळे लाल,
माणसं येताहेत, मांजरं येताहेत,
पहाटे खबूसची गाडी येतेय.
अंकुश कुठेच नाही.
एका चौकटीच्या कडेला कोपर दिसलं, म्हणाला.
मग म्हणाला, नाही, सावलीच.
मग हसला. मग बराच वेळ हसत नव्हता.

उरलेला पिक्चर आम्ही त्याच्याशिवाय केला.
त्याच जागा, रिकाम्या. तेच सात पावलांचं अंतर.
वर माझे बूट.
आणि शेवटी व्हॅनमधल्या दांडीवर त्याचा चौकड्याचा शर्ट,
वळणावर झुलणारा, पाच मिनिटं, कट नाही.

गोदामात चादर लावून दाखवला.
एकतीस माणसं. नऊ झोपली, त्यांची सकाळची पाळी होती.
मागून एक तेलुगू पोरगा ओरडला,
"अरे, पर वो गया किधर?"
मुनाफ प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिला.
त्या वायरीला एवढा वेळ लागत नाही.

शर्ट माझ्याकडे आहे, शेवटच्या हुकावर.
दर गुरुवारी इस्त्री करतो, कॉलरला जरा जास्त.
पावतीवर छापलंय:
नव्वद दिवसांनंतर कपड्यांची जबाबदारी आमची नाही.
आज दोनशे चौदावा.